पडद्यामागं

मानवतला गुलशन टॉकीजची मागची भिंत
तीच आमच्या स्वयंपाकघराची.
मधे बोळ नाही, गटार नाही,
आणि पडदा त्याच भिंतीला;
म्हणजे सगळे हिरो
जन्मभर आमच्याकडं पाठ करून बोलले.

मी सिनेमा पाहिला नाही, ऐकला.
तिकिटाचं नाव काढलं की आई म्हणायची,
"फुकट ऐकू येतंय तेवढं बास की."

तिचं घड्याळ तेच होतं.
"तो मेला दुसऱ्यांदा हसला की भात टाक."
"कोर्टात हातोडा वाजला, आता तुझा बाप येईल."
आणि खरंच, हातोड्यामागून दारावर थाप,
बाप जिनिंगमधून आलेला, भुवयांत कापूस.
शुक्रवारी सिनेमा बदलला
की दोन दिवस आमचा भात करपायचा.

रिळांच्या पेट्या पॅसेंजरनं मानवत रोडला उतरायच्या,
तिथून ख्वाजामियाँच्या सायकलवर.
गाडी लेट, की हिरोईन लेट,
मग खुर्च्या आपटल्याचा आवाज,
ख्वाजामियाँच्या सात पिढ्यांचा उद्धार,
आणि अचानक संतूर.

हिंदीच्या तासाला 'अमानत' शब्द आला.
बाईंनी वाक्यात उपयोग विचारला.
मी उभी राहिले आणि एका दमात
आख्खा सीन म्हणून दाखवला, हुंदक्यासकट.
बाई चष्मा काढून म्हणाल्या, "राहतेस कुठं गं तू?"

चेहरे मात्र मलाच द्यावे लागले.
व्हिलनला रेशनवाल्या बळवंतरावांचा दिला,
बहिणीला अंगणवाडीतल्या कौशल्याताईंचा,
आणि हिरोला
पोस्टमनच्या रंगनाथचा.
त्याला हे कधी कळलं नाही.
पुढं तो सेलूला गेला, मोटारी रिवाइंड करायला.

एक सिनेमा अकरा आठवडे चालला.
इंटरव्हलनंतर आगगाडीची शिट्टी,
आणि मग काहीच नाही.
आई म्हणाली, "रीळ तुटलं वाटतं."
पण रीळ तुटलं तर पब्लिक शिट्ट्या मारतं,
ख्वाजामियाँचा बाप काढतं.
इथं तर तीनशे माणसं
गप्प.
मी कान लावला. भिंत उन्हानं कोमट होती.
वाटलं, चिठ्ठी वाचतेय ती.
दुसऱ्या दिवशी वाटलं, मेली.
एकदा वाटलं, दोघंही निघून गेलेत
आणि लोक रिकाम्या पडद्याकडं बघत बसलेत.
अकरा आठवडे, रोज तीन खेळ,
मी त्या गप्पपणात काय काय भरलं
ते सांगत नाही.
आई पदरानं माझ्या कानाचा चुना पुसायची,
"काय ऐकतीस गं? काही तर नाही तिथं."

आता तिथं खताचं गोडाऊन आहे.
मी परभणीत, दोन खोल्या, गॅलरीत तुळस नाही, मिरची आहे.
परवा भाच्यानं फोनमधे सिनेमे कसे शोधायचे ते शिकवलं.
दुपारभर शोधला. नाव कुठं माहीत होतं?
शेवटी शिट्टीवरून ओळखला.

फलाटावर ती ट्रंकेवर बसलेली.
समोरच्या फलाटावर तो, हातात चहाचा ग्लास.
तो बघतो.
ती बघत नाही.
चहावर साय धरते.
बास.

रंगनाथसारखा मुळीच नव्हता तो,
कानाच्या पाळ्या मोठ्या, खांदे पडलेले.
आणि तिचं वय
मी धरलं होतं त्याहून कितीतरी जास्त,
जवळपास माझ्याएवढं.

वाईट वाटलं की बरं, नीट कळलं नाही.
तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली,
मी उठून गॅस बंद केला.
मग मागं सरकवून तेच पुन्हा लावलं
आणि फोन ओट्यावर पालथा ठेवला.

शिट्टी.
मग काहीच नाही.
ओट्यापाशी उभ्या उभ्या
माझा हात आपोआप कानाकडं गेला,
चुना पुसायला.